उभी बाटली, आडवी बाटली : प्रश्नावर मत देण्याआधी प्रश्न समजून घेऊया



नागरिकशास्त्राच्या तासाला आपण मुलांना मतदान शिकवतो. उमेदवार, चिन्ह, बोटाला शाई, मतदान यंत्र हे सगळं मुलांना पाठ असतं. पण कधीकधी मतपत्रिकेवर उमेदवारच नसतो, असतो एक प्रश्न. त्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच द्यायचं असतं. वाटतं सोपं, पण माणूस नेमका तिथंच फसतो. आपल्या पुस्तकात याला फारशी जागा नाही, म्हणून हा पाठ आपणच घ्यायला हवा.

आपल्या राज्यातलं याचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे गावातलं दारूचं दुकान बंद करण्यासाठी होणारं मतदान. शेंडगावच्या गाडगेबाबांनी कीर्तनातून आणि यावलीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीवरच्या भजनातून व्यसनाविरुद्ध वऱ्हाड जागवला, हे आपल्या मुलांना माहीत असतं. पण दुकान बंद करण्याचा अधिकार मतपत्रिकेतून गावाच्या हाती आला आहे, हे कित्येक पालकांनाही माहीत नसतं.

हे मतदान होतं कसं?

वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांतली दारूबंदी सरकारच्या निर्णयानं झाली. चंद्रपुरात 2015 मध्ये सरकारनंच ती लागू केली आणि 2021 मध्ये सरकारनंच उठवली. तिथं गावानं मतपत्रिकेवर शिक्का मारला नव्हता. एखाद्या गावातलं किंवा वॉर्डातलं परवानाधारक दुकान बंद करायचं असेल, तर त्याची वाट वेगळी आहे. 2008 च्या शासन आदेशानुसार तिथल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी, किंवा एकूण मतदारांपैकी 25 टक्के जणांनी, सह्यांसह मागणी करावी लागते. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे अर्ज जातो, सह्यांची पडताळणी होते आणि मग गुप्त मतदान होतं. साताऱ्याच्या जावळी तालुक्यातल्या महिलांनी याच वाटेनं लढा दिला, त्याची राज्यभर चर्चा झाली.

मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू राहू द्या. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद करा. अक्षर न येणाऱ्या आजीलाही कळावं म्हणून ही चित्रं. पण चित्राचा अर्थ आधी समजला नाही, तर तेच चित्र गोंधळात टाकतं. ‘मले बाटली नकोच हाये’ असं म्हणणारी आजी दोन्ही बाटल्यांकडे पाहून थबकू शकते. ‘बाटलीवर शिक्का मारला म्हणजे बाटलीले मत गेलं’ असं समजून ती कोरीच पत्रिका पेटीत टाकू शकते. म्हणून पहिला धडा असा : मत कशाला द्यायचं ते नंतर ठरवा. आधी कोणत्या खुणेचा अर्थ काय, ते स्वतःच्या तोंडानं एकदा म्हणून पाहा.

खरी गोम आकड्यात आहे

इथं गणिताच्या सरांनाही सोबत घ्या. दुकान बंद होण्यासाठी आडव्या बाटलीला निम्म्याहून जास्त मतं लागतात. पण निम्मी कशाची? झालेल्या मतदानाची नव्हे, यादीतल्या मतदारांची. महिलांचं मतदान असेल, तर यादीतल्या सगळ्या महिला मतदारांची.

एक कल्पित गाव घेऊ. महिला मतदार 600. मागणीसाठी सह्या हव्यात 150. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला हवीत किमान 301 मतं. मतदानाला आल्या 420 जणी. आडवी बाटली 280, उभी बाटली 130, बाद 10. आलेल्या बायकांपैकी दोन तृतीयांश जणींनी ‘बंद करा’ म्हटलं. उभ्या बाटलीच्या दुपटीहून जास्त मतं पडली. तरी दुकान चालूच राहतं, कारण 280 म्हणजे 301 नव्हे.

हे उदाहरण फळ्यावर मांडलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, “मॅडम, माही माय कापूस वेचाले गेली अन् मतदानाले आलीच नाही, तं तिचं मत कोणाले?”

मी म्हटलं, “कोणालाच नाही. पण हिशोबात ते उभ्या बाटलीच्या बाजूनंच पडतं.”

वर्ग गप्प झाला. नेहमीच्या निवडणुकीत घरी बसणाऱ्याचं मत कोणाच्याच पारड्यात जात नाही. या मतदानात मात्र घरी बसणंही एका बाजूला जाऊन बसतं. म्हणून मतदानाचा दिवस कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत आला, तर कोण शेतात आहे, कोण कामासाठी बाहेरगावी आहे, यावर निकाल फिरू शकतो.

यादी आणि आपण

याच उदाहरणात आणखी एक पायरी चढा. समजा, त्या 600 नावांपैकी 45 नावं अशा बायकांची आहेत, ज्या वारल्या किंवा लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या. ती नावं वेळेवर कमी झाली असती, तर यादी उरली असती 555 ची. मग लागली असती 278 मतं. आडव्या बाटलीला पडली होती 280! म्हणजे दुकान चालू राहिलं ते न पुसलेल्या नावांमुळे.

आपल्यापैकी कित्येकजण बीएलओचं काम करतात. उन्हातान्हात घरोघरी फिरताना ‘हे काय शिक्षकाचं काम आहे?’ असा वैताग येतो आणि तो खोटा नाही. पण नाव घालण्याचा 6 नंबरचा अर्ज, कमी करण्याचा 7 नंबरचा आणि दुरुस्तीचा 8 नंबरचा, हे तीन कागद एखाद्या गावाच्या प्रश्नाचं उत्तर बदलू शकतात, एवढं लक्षात ठेवूया. पालकांनीही यादीतलं आपल्या घरातलं प्रत्येक नाव मतदान जाहीर होण्याआधीच तपासावं.

प्रश्न काय विचारत नाही, तेही पाहा

मतपत्रिका परवान्याच्या दुकानाबद्दल विचारते. हातभट्टीबद्दल ती काही विचारत नाही. ती मुळातच बेकायदेशीर आहे, तिच्यासाठी मतदान लागत नाही, तिथं कारवाई लागते. ‘दुकान बंद झालं म्हणजे गाव दारूमुक्त झालं’ हे जसं खरं नाही, तसंच ‘हातभट्टी चालूच राहणार, मग मत देऊन काय फायदा?’ हेही बरोबर नाही. दोन्ही बोलण्यांत विचारलेला प्रश्न बाजूला राहतो.

सरपंचाचंही असंच. थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमतानं अविश्वास ठराव मंजूर केला, तरी तो ग्रामसभेपुढे गुप्त मतदानासाठी जातो. तिथं ठरावाच्या बाजूनं मत म्हणजे सरपंचाच्या विरुद्ध मत. ‘मी सरपंचाच्या बाजूनं’ असं मनात धरून ‘बाजूनं’ या शब्दावरच खूण केली, की झालं उलटं.

गोव्यानं शिकवलेला धडा

मोठ्या प्रमाणावरचं उदाहरण गोव्याचं. 16 जानेवारी 1967 रोजी तिथं जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं असेल तर फूल, केंद्रशासित राहायचं असेल तर दोन पानं. आपल्या राज्यघटनेत अशा सार्वमताची नेहमीची तरतूद नाही, म्हणून संसदेनं त्यासाठी 1966 मध्ये खास कायदा केला होता. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून विलीनीकरणवादी मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी आधी राजीनामा दिला. दोन पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170. फरक 34,021 चा.

पुढची गोष्ट मुलांना जरूर सांगा. त्याच वर्षी मार्चमध्ये गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली आणि बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच पुन्हा सत्तेवर आला. म्हणजे लोकांनी पक्षाला निवडलं, पण त्याच पक्षाचा प्रश्न आधी नाकारला होता. प्रश्नावरचं मत आणि माणसावरचं मत वेगळं ठेवता येतं, हे त्या मतदारांनी दाखवून दिलं. ‘आपला माणूस सांगते म्हणून’ एवढंच कारण तिथं पुरलं नाही.

वर्गात आणि घरात करून पाहा

मी वर्गात ‘शनिवारची कवायत बंद करावी काय?’ या प्रश्नावर चिठ्ठ्या टाकून मतदान घेते. कवायत आवडणारी चार-दोन मुलं दरवेळी घाईत ‘होय’ लिहून मोकळी होतात आणि निकाल ऐकून डोक्याला हात लावतात. त्यानंतर प्रश्न दोनदा वाचायला सांगावं लागत नाही.

घरी पालकांनी मुलांसोबत एवढंच विचारावं :

1. प्रश्न नेमका काय आहे? आपल्या शब्दांत सांग.
2. ‘हो’ म्हटलं तर उद्या सकाळी काय बदलेल? ‘नाही’ म्हटलं तर?
3. जिंकायला किती मतं लागतात, आणि ती कशाच्या निम्मी?
4. मी गेलोच नाही तर माझी गणती कुठं होईल?
5. जो मला समजावून सांगतो आहे, त्याचा यात काय फायदा-तोटा आहे?

एक पथ्य मात्र आपण पाळायचं. कोणत्या बाटलीवर शिक्का मारायचा, हे शिक्षकानं सांगायचं नाही. ते ज्याचं त्यानं ठरवायचं. आपलं काम एवढंच की, शिक्का मारणाऱ्या हाताला आपण काय करतो आहोत ते ठाऊक असावं. त्या मुलीनं घरी जाऊन मायला काय सांगितलं, मला माहीत नाही. पण दुसऱ्या दिवशी ती विचारत आली, “मॅडम, यादीत मायचं नाव हाये का नाही, ते कुठं पाहाचं?”

पाठ कळला होता.