दारव्ह्याचे तिकीट कोणाच्या खात्यात?

दर शुक्रवारी नवा चित्रपट लागतो आणि सोमवार उजाडेपर्यंत त्याचा निकालही लागलेला असतो. अमक्या चित्रपटाने तीन दिवसांत इतके कोटी मिळविले, तमका साफ कोसळला, हे आकडे शिक्षकांच्या खोलीत आणि कचेरीतल्या चहाच्या सुट्टीत परीक्षेच्या निकालासारखे चर्चिले जातात. ते कोणी मांडले, कशासाठी मांडले आणि त्यांत आपली गणना कोठे होते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्ह्याचेच उदाहरण घ्यावे. तेथील प्रेक्षकाने तिकीट गावात घेतले काय किंवा यवतमाळास जाऊन घेतले काय, हिंदी चित्रपटव्यवसायाच्या तक्त्यात त्याचे पैसे महाराष्ट्राच्या नावे जमा होत नाहीत. ते जमा होतात ‘सी. पी. बेरार’ या रकान्यात. मध्य प्रांत व वऱ्हाड हा इंग्रजी अमदानीतला प्रांत. १९५० मध्ये तो मध्य प्रदेश झाला, १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. राज्यकर्त्यांनी नकाशा बदलला. वितरकांनी तो बदलला नाही. आजही विदर्भाचा हिशेब छत्तीसगड व मध्य प्रदेशाच्या काही भागाबरोबर, मराठवाड्याचा बराचसा ‘निझाम’ क्षेत्रात, तर पश्चिम महाराष्ट्राचा गुजरातेसह ‘मुंबई’ क्षेत्रात मांडला जातो.

यात वितरकांचा दोष नाही. निर्माता चित्रपटाचे हक्क क्षेत्रवार विकतो. ज्याने ज्या क्षेत्राचे पैसे मोजले, त्याला त्या क्षेत्राचा गल्ला कळला की पुरे. तक्ता ही मुळात व्यापाऱ्याची खातेवही आहे. तिच्यात तीन निरनिराळ्या रकमा असतात: तिकीटबारीवरचा एकूण गल्ला, कर वजा जाता उरलेली रक्कम आणि चित्रपटगृहाचा वाटा गेल्यावर वितरकाच्या पदरात पडणारा हिस्सा. जाहिरातीत झळकते ती बहुधा सर्वांत मोठी. घोटाळा होतो तो ही खातेवही लोकमताचा कौल म्हणून वाचली जाते तेव्हा.

पैसा आणि माणूस ही दोन वेगळी मापे आहेत. समजा, महानगरात चारशे रुपयांचे एक तिकीट विकले गेले आणि तालुक्याच्या गावी ऐंशी रुपयांची पाच. तक्त्यात दोन्ही सारखीच. प्रत्यक्षात एका ठिकाणी एक प्रेक्षक, दुसऱ्या ठिकाणी पाच. पूर्वी चित्रपटाचे यश आठवड्यांनी मोजीत. पंचवीस आठवडे म्हणजे रौप्यमहोत्सव. दादा कोंडके यांच्या सलग नऊ चित्रपटांनी तो साजरा केला आणि त्यांचे नाव गिनेस बुकात गेले. १९७५ मध्ये ‘शोले’च्या बरोबरीने ‘जय संतोषी माँ’ हा अल्प खर्चाचा चित्रपट गाजला, तो सामान्य घरांतील स्त्रियांच्या गर्दीवर. आठवड्यांच्या मोजणीतही लबाडीला वाव होता, हे खरे. परंतु गरिबाचा आठवडा श्रीमंताच्या आठवड्याहून लहान नव्हता.

हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मराठी चित्रपटांसाठी करपरतीची योजना आणली. तिकिटांवर जमलेला करमणूक कर निर्मात्याला पुढील चित्रपटासाठी परत मिळू लागला. म्हणजे लहानशा गावातल्या तिकिटाचाही पुढच्या मराठी चित्रपटात वाटा होता. १ जुलै २०१७ पासून राज्याचा करमणूक कर वस्तू व सेवा करात विलीन झाला. या नव्या करात विवरणपत्र व्यावसायिकाचे असते, चित्रपटाचे नव्हे. २०१६ च्या ‘सैराट’ने मराठी चित्रपटाला कोटींच्या भाषेत बोलावयास शिकविले, पण त्या कोटींमागे माणसे किती आणि कोणत्या जिल्ह्यातली, हे त्या भाषेत सांगता येत नाही.

फ्रान्समध्ये चित्रपटाचे यश मुख्यतः प्रेक्षकसंख्येने सांगतात. ही संख्या सरकारी चित्रपट संस्था जाहीर करते. दक्षिण कोरियात तिकिटांची संगणकीय नोंद सार्वजनिक संस्थेकडे असून ती कोणालाही पाहता येते. आपल्याकडेही तिकिटे आता बहुतांशी संगणकावरच निघतात. शासनाने मनावर घेतले तर मराठी चित्रपटांपुरती तरी जिल्हावार प्रेक्षकसंख्या दरमहा प्रसिद्ध करणे अवघड नाही.

तसे झाले तर ‘तिकडे मराठी चित्रपट चालत नाही’ हे विदर्भाविषयीचे विधान पुराव्याने तपासता येईल. आज ते गृहीत धरले जाते, म्हणून खेळ कमी मिळतात. खेळ कमी म्हणून गल्ला कमी, आणि गल्ला कमी म्हणून गृहीतक पक्के. हे दुष्टचक्र मोडावयाचे असेल तर आधी माणसे मोजली पाहिजेत. दारव्ह्याचा प्रेक्षक तिकिटाचे पैसे आजच्या महाराष्ट्रात देतो. त्याची नोंद इतिहासजमा झालेल्या प्रांतात का व्हावी?