रात्री पट्टे कोण मोजणार?

एका आरोग्य केंद्रात सापांचं पोस्टर पाहिलं होतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चौघांचे देखणे फोटो, खाली लॅटिन नावं. साप चावल्यावर करायचं काय, ते मात्र तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत. म्हणून एक सर्पतज्ज्ञ आणि एक डिझायनर मिळून असंच पोस्टर नव्यानं करताहेत असं कळल्यावर मुद्दाम जाऊन बसलो.

सर मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांतला फरक समजावत होते. कवड्याचे पट्टे मानेपाशी ठळक आणि शेपटीकडे पुसट, मण्यारचं उलट; शिवाय तिच्या पाठीच्या मधोमध मोठे षटकोनी खवले. डिझायनर टिपून घेत होती. मग पेन्सिल ठेवून तिनं विचारलं, "सर, हे बघून माणसानं करायचं काय?"

सरांनी आकडा सांगितला : 58 हजार. 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशानं वर्षाला सरासरी एवढी माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. 58 हजार मरतात म्हणून साप ओळखता यायला हवा, हे सरांचं म्हणणं. 58 हजार मरतात म्हणूनच ओळखण्यात वेळ जायला नको, हे तिचं.

कच्चं पोस्टर एका वाडीतल्या बचत गटाला दाखवलं. एक आजी म्हणाल्या, "मण्यार चावते रात्री, झोपेत. अंधारात पट्टे कोण मोजणार?"

सर गप्प झाले. मग त्यांनीच सांगितलं, की मण्यारचा दंश कित्येकदा दुखतही नाही. पोटात कळा येतात, पापण्या मिटू लागतात, आणि घरचे अपचन समजून ओवा देतात. आपल्याकडचं सर्पदंशाचं इंजेक्शन या चारही सापांच्या विषावर एकच असतं आणि डॉक्टर लक्षणं बघून ते सुरू करतात. साप मारून पिशवीत घालून नेण्याची गरजच नाही. हे सगळं त्यांना आधीपासून ठाऊक होतं, पण पोस्टरवर यावं असं सुचलं नव्हतं. तज्ज्ञाला ज्याचं प्रेम, तेच तो दाखवणार.

चूक तिचीही निघाली. ब्लेडनं कापू नका म्हणून तिनं ब्लेडवर लाल फुली मारली होती. एका बाईंना ती दवाखान्याची खूण वाटली. फुली गेली. सरांना रुग्णवाहिका हवी होती, पण वाडीपर्यंत ती पोचत नाही. तेव्हा मोटारसायकल आली : पुढे चालवणारा, मागे धरणारा, मध्ये रुग्ण, पायाला फळी बांधलेली. शेजारी जमिनीवर झोपलेली बाई, मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली खोचलेल्या.

छापून आलेल्या पोस्टरवर साप नाही. सरांना ते अजून खुपतं. मला ते दोघांच्या कामातलं सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटतं. फक्त मोटारसायकल जिथे पोचेल तिथे इंजेक्शन हवं, आणि ते काही कुठला चित्रकार काढून देऊ शकत नाही. तेव्हा पावसाळ्याआधी आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन ते शिल्लक आहे का, एवढं विचारून या.