संघ सोडताना हक्कांचे काय?

सोनिवलीत बसून ब्रिटनच्या काडीमोडाची उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. पण प्रश्न हक्कांचा आहे. २०१६ च्या सार्वमताने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. तरी संसदेला डावलून सरकारला नोटीस देता येणार नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बजावले. कायद्याने आलेले हक्क मंत्र्याच्या सहीने जात नाहीत. मात्र २०१८ साली संसदेनेच मूलभूत हक्कांची युरोपीय सनद देशी कायद्यातून वगळली. तिला अडवील असे लिखित संविधान तिथे नाही. आपल्याकडे कलम १३ आहे.

युरोपीय संघ करारातून झाला, म्हणून करारातच बाहेरची वाट आहे. आपले संघराज्य घटकराज्यांच्या करारातून जन्मले नाही, म्हणून कुणालाही फुटून निघण्याचा अधिकार नाही, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत स्पष्ट केले.