'युज्ड टू' एकदाच पुरे

दहावीच्या मुलांच्या इंग्रजी निबंधाच्या वह्या तपासताना 'माझे आजोबा' हा विषय आला की लाल शाई जास्त लागते. ही युज्ड टू गेट अप ॲट फाइव्ह. ही युज्ड टू मिल्क द बफलो. ही युज्ड टू गो टू द फार्म. पानभर हेच. इतक्या वेळा धार काढल्यावर म्हैससुद्धा आटायची!

एकेक वाक्य सुटं घेतलं तर बरोबर आहे, हीच पंचाईत. मराठीत 'उठायचे, धार काढायचे, शेतावर जायचे' असं ओळीनं लिहिलं तरी खटकत नाही. 'जायचे' म्हटलं की रोजचं जाणं क्रियापदातच येतं. इंग्रजीत मात्र 'युज्ड टू' हे दोन शब्द वेगळे जोडलेले असतात, आणि दर वेळी आले की कानाला टोचतात.

मुरलेला इंग्रजी लेखक पहिल्या वाक्यात 'युज्ड टू' वापरून जुना काळ उभा करतो. पुढे 'ही वुड मिल्क द बफलो' म्हणतो, नाहीतर सरळ 'एव्हरी मॉर्निंग ही वेन्ट टू द फार्म'. 'एव्हरी मॉर्निंग' आलं की साध्या भूतकाळातूनही रोजचा रिवाज कळतो. फक्त 'वुड' हा कृतीपुरताच. आजोबा पूर्वी कऱ्हाडला राहायचे, हे सांगायला 'ही वुड लिव्ह इन कऱ्हाड' चालत नाही. तिथे 'युज्ड टू लिव्ह'च हवं.

आणखी एक गोम आहे. 'युज्ड टू'मध्ये सहसा 'आता नाही' हे न बोलता येतं. आजोबा आजही धार काढत असतील, तर मुलानं त्यांना परस्पर निवृत्त केलं! चालू सवयीला साधा वर्तमानकाळच लागतो: आय गो टू ट्यूशन एव्हरी डे. पण वह्यांत सर्रास दिसतं ते 'आय यूज टू गो टू ट्यूशन डेली'. बोलताना 'यूस्टू' असा उच्चार होतो, शेवटचा 'डी' ऐकूच येत नाही, मग तो लिहिण्यातूनही गळतो. तो गाळायचा फक्त 'डिड'नंतर: डिड ही यूज टू स्मोक?

तेव्हा मुलांनो, वही देण्याआधी प्रत्येक परिच्छेदातले 'युज्ड टू' मोजा. पहिला ठेवा, बाकीच्यांचं काय करता येतं ते बघा.