शोध तुमचा, पेटंट कुणाचं?

ओळख बुद्धिसंपदेची : लेखांक ६

पेटंट कशाला मिळतं, ते गेल्या लेखात पाहिलं. आता त्याहून नाजूक प्रश्न. नोकरीत असताना लावलेला शोध कुणाच्या मालकीचा?

रक्तातली साखर तपासायचं यंत्र आज अनेक घरांत असतं. पट्टीच्या कडेला रक्ताचा थेंब टेकवला की पट्टी तो आपोआप आत ओढून घेते. अशा पट्ट्यांमागच्या तंत्रज्ञानात प्रा. इयन शँक्स यांचा मोठा वाटा आहे. १९८२ मध्ये ते ब्रिटनमध्ये युनिलिव्हर समूहात संशोधक होते. पहिला नमुना त्यांनी घरीच जुळवला. मुलीच्या खेळण्यातल्या मायक्रोस्कोपच्या काचपट्ट्या, प्लॅस्टिकची पातळ फिल्म आणि कागदाला लावायच्या क्लिपा, एवढंच सामान.

घरी बनवलं म्हणून ते त्यांचं झालं का? नाही. ब्रिटनच्या १९७७ च्या पेटंट कायद्यानुसार शोध लावणं हेच नेमून दिलेल्या कामाचा भाग असेल, तर शोध मालकाचा ठरतो. जागा आणि वेळ यांना फारसं महत्त्व नाही. पण त्याच कायद्यात पुढची तरतूदही आहे. पेटंटमुळे मालकाला असाधारण लाभ झाला, तर कर्मचाऱ्याला त्यातला रास्त हिस्सा मागता येतो.

शँक्स यांनी २००६ मध्ये तो मागितला. एवढ्या अवाढव्य कंपनीच्या मानाने हा लाभ असाधारण नाही, असं म्हणत खालच्या पातळ्यांवर दावा फेटाळला गेला. अखेर ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कंपनीचा निव्वळ लाभ सुमारे २ कोटी ४० लाख पौंड धरला गेला. त्याचे पाच टक्के आणि मधल्या वर्षांत घसरलेलं पैशाचं मोल हिशेबात घेऊन त्यांना २० लाख पौंड मिळाले.

आपल्याकडे असा दावा कशाच्या आधारे करणार? १९७० च्या पेटंट कायद्यात कलम ६ नुसार अर्जाचा हक्क खऱ्या आणि पहिल्या संशोधकाला किंवा त्याने ज्याला तो हक्क लिहून दिला त्याला आहे. कलम २८ मुळे पेटंटवर संशोधक म्हणून नाव नोंदवून घेता येतं. मात्र कर्मचाऱ्याच्या शोधाची मालकी कुणाची आणि त्याला मोबदला किती, यावर कायदा गप्प आहे. त्यामुळे सारी भिस्त नोकरीच्या करारावर. सॉफ्टवेअरच्या कोडचं तसं नाही. तिथे १९५७ चा कॉपीराइट कायदा लागतो आणि नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, करारात वेगळं ठरलं नसेल तर, कंपनीच असते.

म्हणून नेमणूकपत्रावर सही करण्याआधी मालकीचं कलम शब्दन् शब्द वाचा. ‘नोकरीच्या काळातला प्रत्येक शोध’ आणि ‘कामाशी संबंधित शोध’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आधीपासून हाती असलेल्या कल्पनांची यादी कराराला जोडा. पेटंट मिळालं तर बक्षीस किंवा उत्पन्नात वाटा किती, हे लेखी मागा. स्वतःच्या वेगळ्या प्रयोगासाठी कंपनीचा लॅपटॉप, प्रयोगशाळा, कच्चा माल वापरू नका. तारखेनिशी नोंदवही ठेवा. आणि अर्ज दाखल होण्याआधी शोध परिषदेत मांडू नका, समाजमाध्यमांवर टाकू नका, कारण नावीन्य गेलं की पेटंटही हातचं जाऊ शकतं. तपशील पक्के व्हायचे असतील तर आधी तात्पुरता अर्ज करता येतो. पूर्ण तपशिलाला त्यानंतर १२ महिने मिळतात.

पण नवी नोकरी धरताना अटींवर घासाघीस करायची ताकद किती जणांत असते? पगार आणि प्रयोगशाळा देऊन जोखीम कंपनी उचलते, तेव्हा पेटंट तिच्याकडे जाण्यात गैर काही नाही. मात्र त्या पेटंटवर कंपनीने अमाप कमाई केली, तर संशोधकाला रास्त वाटा मागायचा हक्क आपल्या पेटंट कायद्यानेच द्यायला हवा. तो करारातल्या मेहरबानीवर सोडू नये.

पुढील लेखात : व्यापारी गुपितं आणि नोकरी सोडतानाच्या अटी.