उन्हाचा हिशेब घरच्या घरी

मांजरसुंब्याच्या माळावर पाऊस दगा देतो, ऊन देत नाही. म्हणूनच सौर पॅनेल विकणारे आता गावोगाव फिरतात. आमच्या एका नातलगाने घराच्या पत्र्यावर शंभर वॅटचे पॅनेल बसविले. विकणारा म्हणाला होता, "बारा महिने रोज एक युनिट वीज मिळेल." पावसाळा लागला आणि दिवा जेवणाआधीच विझू लागला. तेव्हा आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आम्ही पडलो कारकून. पण हिशेब तर कळतो!

ऊन मोजण्याचे यंत्र महाग असते, ते गावोगाव नसते. आपल्या देशात ही मोजणी उभी केली ती अण्णा मणी या बाईंनी. एम.एस्सी. नाही म्हणून त्यांना डॉक्टरेट नाकारली गेली. १९४८ साली त्या पुण्याच्या हवामान खात्यात लागल्या आणि १९५७ पासून त्यांनी देशभर ऊन मोजणारी केंद्रे उभारली. भारतातील उन्हाच्या आकड्यांचा त्यांचा ग्रंथ १९८० साली निघाला.

जेथे यंत्र नाही तेथे काय करावे? स्वीडनच्या आँगस्ट्रॉम यांनी १९२४ साली वाट दाखविली: दिवसात किती तास लख्ख ऊन पडले त्यावरून अंदाज करावा. दुसरी वाट त्याहून सोपी आहे. हारग्रीव्हज आणि समानी यांनी १९८२ साली केवळ कमाल व किमान तापमानावरून अंदाज बांधला. ढग म्हणजे आभाळाची गोधडी. ती पांघरली की दिवस तापत नाही आणि रात्र गार होत नाही. आभाळ मोकळे असले की दिवस भाजतो, रात्र निवते. म्हणजे दोन्ही तापमानांतील फरक जितका मोठा, तितके ऊन जास्त.

आता हिशेब. मे महिन्याच्या मध्यास मांजरसुंब्याच्या अक्षांशावर, वातावरणाच्याही वर, दर चौरस मीटरला दिवसाला सुमारे १०.९ युनिट ऊन येते. समजा, कमाल तापमान ४१ अंश व किमान २५. फरक १६, त्याचे वर्गमूळ ४. त्यास ०.१६ ने गुणले की ०.६४. म्हणजे जमिनीवर पोहोचले सुमारे ७ युनिट. ऑगस्टमध्ये वर १०.६ युनिट, पण झडीच्या दिवशी कमाल २६ व किमान २२ असेल तर फरक ४, वर्गमूळ २. खाली येतात जेमतेम ३.४ युनिट!

७ युनिट म्हणजे सात तासांचे पूर्ण ऊन. शंभर वॅटचे पॅनेल त्यात फार तर ०.७ युनिट देईल. धूळ, उष्णता व वायरी यांत त्यातूनही घट होते. झडीत तर ०.३४ च्या आतच. मग रोज एक युनिट येणार कोठून?

हा अंदाज आहे, एका दिवसाचा आकडा चुकू शकतो. म्हणून आठवड्याची किंवा महिन्याची सरासरी धरावी. तापमान रोज वर्तमानपत्रात व मोबाईलवर मिळते. शाळेत जाणाऱ्या मुलामुलींना वहीत लिहायला सांगा.

२०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्केच हिस्सा भरायचा आहे. पाच टक्के का होईना, पैसा घामाचा आहे. पंप असो वा दिवा, विकणाऱ्याला आधी विचारा: "ऑगस्टमध्ये किती चालेल?" आणि उत्तर वहीशी ताडून पाहा.