दह्याचा हिशेब आणि उसाचे प्लॅस्टिक

गाळपाच्या हंगामात वढू बुद्रुकहून दौंडकडे निघालात, तर उसाने भरलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या वाटेत भेटतील. उसाची साखर होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच साखरेपासून प्लॅस्टिकही बनते. ते कसे, हे समजून घ्यायला आधी स्वयंपाकघरात डोकावू.

पेलाभर उसाचा रस दिवसभर तसाच ठेवा. त्यावर फेस येतो, आंबूस वास सुटतो. रात्री दुधाला विरजण लावा. सकाळी दही तयार, पण फेस नाही! दोन्हीकडे सूक्ष्मजीव साखरच खातात. रसातले यीस्ट साखरेचे अल्कोहोल करते व कार्बन डाय-ऑक्साइड सोडते. फेस येतो तो त्यामुळे. विरजणातले जिवाणू मुख्यतः लॅक्टिक आम्ल तयार करतात.

आता तराजू घेऊ. सोयीसाठी साखर म्हणजे ग्लुकोज धरू. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ९२ ग्रॅम अल्कोहोल मिळते. उरलेले ८८ ग्रॅम वायुरूपाने उडून जाते. अल्कोहोलमधून पाणी काढले की ५६ ग्रॅम एथिलीन उरते आणि त्याचे तेवढेच पॉलिथीन. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी! दह्याची वाट धरली, तर १८० ग्रॅम ग्लुकोजचे १८० ग्रॅम लॅक्टिक आम्ल होते. त्याचे रेणू साखळीत गुंफताना ३६ ग्रॅम पाणी निघते आणि १४४ ग्रॅम पॉलिलॅक्टिक आम्ल हाती येते. हेही प्लॅस्टिकच. कारखान्यातला उतारा याहून कमी असतो, पण प्रमाणाची कल्पना येते.

असे का होते? ग्लुकोजच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा ऑक्सिजनचा असतो. पॉलिथीनमध्ये तो मुळीच नसतो. खनिज तेलातही तो जवळजवळ नसतो, म्हणून तेलापासून पॉलिथीन करणे सोपे. साखरेपासून करायचे, तर सारा ऑक्सिजन बाहेर काढावा लागतो आणि त्याच्यासोबत थोडा कार्बनही जातो. तेव्हा वनस्पतीने दिलेला ऑक्सिजन ज्यात कामी येईल, असेच पदार्थ आधी निवडावेत.

आपल्या जवळच याची उदाहरणे आहेत. कोपरगाव तालुक्यातील साकरवाडीला अल्कोहोलपासून इथाइल अ‍ॅसिटेट हा शाई व रंगांसाठी लागणारा द्रावक बनतो; त्यात ऑक्सिजन असतोच. जेजुरीला पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने पॉलिलॅक्टिक आम्लाचा प्रात्यक्षिक प्रकल्प उभारला. त्याचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले.

मात्र एवढ्याने सगळे प्रश्न सुटत नाहीत. हे प्लॅस्टिक उकिरड्यावर टाकल्यास लवकर कुजत नाही. त्यासाठी सुमारे ६० अंश सेल्सिअसचे दमट खत लागते. शिवाय ऊस वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ पाणी पितो, आणि शिरूर-दौंडचा बराच भाग पर्जन्यछायेत आहे. साखरेचा प्रत्येक ग्रॅम पाण्याने विकत घेतलेला असतो. म्हणून चिपाडाकडे व पिकांच्या काडाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष आहे. त्यातील सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजचीच साखळी. पण ती तोडणे अवघड आणि खर्चाचे.

आता एक गणित तुम्ही करा. ४६ ग्रॅम अल्कोहोलचे हवेतील ऑक्सिजनमुळे ६० ग्रॅम अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, होते. मग १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ते किती मिळेल? पॉलिथीनच्या आकड्याशी ताडून पाहा.